एकाला थंडी, सगळ्यांना दूध

एप्रिल १९१६ चे अखेरचे दिवस. अंटार्क्टिकाच्या उंबरठ्यावरचा समुद्र. नुसत्या नावानेच मुरलेल्या खलाशांना धडकी भरावी असा. त्या समुद्रात साडेबावीस फूट लांबीची एक लाकडी होडी आणि होडीत सहा माणसे. अंगावरचे कपडे ओले, अंथरुणे ओली, पायांना हिमदंश झालेला. लाटांचे पाणी होडीवर पडताच गोठायचे. तो थर कुऱ्हाडीने फोडून काढला नाही तर होडी वजनाने उलटणार, हे सगळ्यांना माहीत होते.

या सहा जणांतला एक माणूस उरलेल्या पाच चेहऱ्यांवर सतत नजर ठेवून असे. एखादा जरा जास्तच कुडकुडतो आहे असे दिसले की तो लगेच स्टोव्ह पेटवायला सांगे आणि भुकटीचे गरम दूध करवून घेई. मात्र ते दूध त्या एकट्याच्या हाती कधी जात नसे. सहाही जणांना मिळे. आपल्यासाठी हा खटाटोप झाला हे ज्याच्यासाठी झाला त्याला कळतही नसे.

आपल्याकडे पंगतीत एखाद्याच्या पानात काही कमी पडले, तर जाणता यजमान त्याच्याकडे बोट दाखवत नाही. वाढप्याला साऱ्या पंगतीतून पुन्हा एकदा फिरवतो. ज्याचे पान रिकामे असते त्याचे भरते आणि त्याला संकोचही वाटत नाही. होडीतल्या त्या माणसाचे गणितही तेच होते. आपण सर्वांत कमजोर आहोत हे ज्या क्षणी माणसाला कळते, त्या क्षणी तो निम्मा खचतो. त्याला ते कळूच द्यायचे नाही.

त्या माणसाचे नाव अर्नेस्ट शॅकल्टन. दक्षिण ध्रुवावर पोहोचण्याचे त्याने आयुष्यभर स्वप्न पाहिले आणि तो तेथे कधीही पोहोचला नाही. तरीही आज, त्याच्या मृत्यूला शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर, मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत त्याची गोष्ट सांगितली जाते. सॅलोव्ही आणि मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोहोचवली. स्वतःचे मन ओळखणे, दुसऱ्याचे मन ओळखणे आणि त्या ओळखीचा उपयोग माणसांना उभे करण्यासाठी करणे, असा तिचा साधा अर्थ. शॅकल्टनला हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण हाताखालच्या माणसांकडून काम कसे होते, ती केव्हा खचतात आणि केव्हा जिवावर उदार होऊन राबतात, हे त्याला जितके कळले होते तितके फार थोड्यांना कळले असेल. आणि हे कळणे कोठे तोकडे पडते, तेही त्याच्याच आयुष्यात दिसते.

हिशेब माणसांचा

शॅकल्टनचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात झाला. वडील आधी शेती करीत. पुढे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले आणि कुटुंब लंडनला आले. दहा भावंडांचे घर. त्यांत आठ बहिणी. अर्नेस्टचे शाळेत फारसे लक्ष नसे. वयाच्या सोळाव्या वर्षी तो शिडाच्या व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून रुजू झाला आणि चोविसाव्या वर्षी कोणत्याही ब्रिटिश जहाजाचा कप्तान होण्याची परीक्षा उत्तीर्ण झाला. या वर्षांत खलाशांमध्ये राहून तो माणसे वाचायला शिकला.

१९०१ मध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत त्याला प्रवेश मिळाला. स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन असे तिघे डिसेंबर १९०२ मध्ये त्या वेळेपर्यंत कोणीही गेले नव्हते इतके दक्षिणेला गेले. परतीच्या वाटेवर तिघांनाही स्कर्व्हीने ग्रासले आणि शॅकल्टनची प्रकृती सर्वांत जास्त ढासळली. मदतीसाठी आलेल्या जहाजातून स्कॉट यांनी त्याला घरी पाठवून दिले. त्याला जायचे नव्हते. सर्वांदेखत ‘कमजोर’ ठरणे म्हणजे काय, हे तो त्या दिवशी शिकला असावा, असे मानायला जागा आहे. तेरा वर्षांनंतरच्या त्या गरम दुधाचे मूळ कदाचित येथेच असेल.

१९०७ मध्ये तो स्वतःच्या मोहिमेवर निघाला. ९ जानेवारी १९०९ रोजी तो आणि त्याचे तीन साथीदार दक्षिण ध्रुवापासून अवघ्या १८० किलोमीटरवर उभे होते. आणखी काही दिवस चालले असते तर ध्रुव गाठता आला असता. पण मग परतण्यापुरते अन्न उरले नसते. शॅकल्टनने जगातला तो मान समोर दिसत असताना पाठ फिरवली आणि चौघेही जिवंत परतले.

त्या परतीच्या वाटेवरचा एक प्रसंग. फ्रँक वाइल्ड हा साथीदार पोटाच्या विकाराने हैराण झाला होता. घोड्याचे मांस त्याला पचेना. तेव्हा शॅकल्टनने सकाळच्या वाटणीतले आपले एकमेव बिस्किट, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, वाइल्डच्या हातात कोंबले. पैशांच्या राशी ओतल्या तरी ते बिस्किट विकत मिळाले नसते, अशा अर्थाची नोंद वाइल्डने डायरीत केली. पुढे हाच वाइल्ड त्याचा उजवा हात झाला. पगारवाढीने जे साधले नसते ते एका बिस्किटाने साधले, याचे कारण ते देणाऱ्याच्याही पोटात तितकीच भूक होती.

गाता येते का?

१९११ च्या डिसेंबरात नॉर्वेचे आमुंडसेन ध्रुवावर पोहोचले. स्कॉट महिनाभराने पोहोचले आणि परतताना साथीदारांसह मरण पावले. ध्रुव जिंकण्याचा प्रश्न संपला होता. मग शॅकल्टनने नवा बेत आखला: अंटार्क्टिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पायी ओलांडायचा. या मोहिमेसाठी सुमारे पाच हजार अर्ज आले असे सांगतात.

त्याची मुलाखत घेण्याची तऱ्हा आजच्या उमेदवारांना चक्रावून टाकील. रेजिनाल्ड जेम्स या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला त्याने पदार्थविज्ञानाचे फारसे विचारलेच नाही. दात चांगले आहेत का, रक्ताभिसरण ठीक आहे का, आणि गाता येते का, असे विचारले. पाचएक मिनिटांत निवड झाली. गाण्याचा प्रश्न सुरांसाठी नव्हताच. चार माणसांत मिसळून, प्रसंगी बेसूर ओरडण्याची या गृहस्थाची तयारी आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते. लिओनार्ड हसी हा हवामानतज्ज्ञ सुदानच्या उन्हातून अर्ज करीत होता. वाळवंटातून थेट बर्फात येऊ पाहणाऱ्या या माणसाची शॅकल्टनला गंमत वाटली आणि त्याने त्याला घेतले. हसी बँजो वाजवत असे. या बँजोचे पुढे मोठे काम पडणार होते.

पहिले महायुद्ध पेटले त्याच आठवड्यात ‘एन्ड्युरन्स’ जहाज इंग्लंडहून निघाले. शॅकल्टनने जहाज आणि माणसे युद्धासाठी देऊ केली होती. पण सरकारने मोहीम पुढे न्यावी असे कळवले. ५ डिसेंबर १९१४ रोजी जहाजाने साउथ जॉर्जिया हे बेट सोडले. बरोबर ६९ कुत्री आणि एकूण २८ माणसे होती. त्यांत पर्स ब्लॅकबरो नावाचा एक पोरगा ब्यूनोस आयर्सला चोरून जहाजावर चढलेला होता. शॅकल्टनने सर्वांसमोर त्याची खरडपट्टी काढली आणि मग त्याला कामावर ठेवून घेतले.

१९१५ च्या जानेवारीत, किनारा एका दिवसाच्या अंतरावर असताना, वेडेल समुद्रातल्या बर्फाने जहाज जखडून टाकले. ते पुन्हा कधी सुटले नाही.

रिकामे हात, रिकामे मन

मे ते जुलै सूर्य उगवलाच नाही. कामे थोडी, अंधार फार. अशा वेळी माणसे बर्फामुळे मरण्याआधी एकमेकांमुळे वेडी होतात, हे शॅकल्टनला पक्के ठाऊक होते. याआधीच्या मोहिमांत तसे घडले होते. म्हणून त्याने दिवसाला शिस्त लावली. डेक घासण्याच्या कामातून शास्त्रज्ञ सुटले नाहीत आणि अधिकारीही सुटले नाहीत. रात्रीचा पहारा पाळीपाळीने. जेवण ठरल्या वेळी, एकत्र. बर्फावर फुटबॉलचे सामने झाले, कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती लागल्या, हिवाळ्याच्या मध्यावर नाटुकल्यांची आणि गाण्यांची मैफल झाली. एकदा तर सगळ्यांनी डोकी भादरून घेतली, शॅकल्टननेही.

तो प्रत्येकाशी वेगळे बोले. पुस्तके वाचणाऱ्याशी कवितांवर, खलाशाशी जुन्या बंदरांवर. ज्याला मान हवा त्याला मान, ज्याला काम हवे त्याला काम. थॉमस ऑर्ड-लीज नावाचा एक गृहस्थ कोणालाच आवडत नसे. पण तो कमालीचा काटेकोर होता. त्याला शॅकल्टनने कोठीवर नेमले. सगळ्यांच्या डोळ्यांत खुपणारा त्याचा चिकटपणा अन्नाच्या हिशेबात उपयोगी आला.

ऑक्टोबरमध्ये बर्फाच्या दाबाने जहाजाच्या फळ्या कडाकडा मोडू लागल्या. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी शॅकल्टनने जहाज सोडण्याचा हुकूम दिला. ज्या जहाजासाठी त्याने कर्ज काढले, ज्यावर आयुष्याची उमेद लावली, ते डोळ्यांदेखत चिरडले जात होते. त्याने माणसांना एकत्र केले आणि शांतपणे सांगितले की जहाज गेले, सामान गेले, तेव्हा आता आपण घरी जायचे. एका वाक्यात त्याने ध्येय बदलले. खंड ओलांडणे संपले. अठ्ठावीस जणांना जिवंत घरी नेणे सुरू झाले.

पहिली रात्र बर्फावर तंबूत गेली. पहाटे शॅकल्टन, वाइल्ड आणि छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी दूध तापवले आणि स्वतः तंबूतंबूत नेऊन दिले. काहींनी आभाराचा शब्दही न काढता पेले घेतले. तेव्हा वाइल्डने, आता कोणाला बूट पुसून हवे असतील तर तेही बाहेर ठेवावेत, असा टोमणा मारल्याचे शॅकल्टनने मोठ्या गमतीने लिहून ठेवले आहे. मोहिमेचा प्रमुख त्या पहाटे वाढपी झाला होता.

तंबूत कोण कोणाबरोबर

बर्फावरून होड्या ओढत न्यायच्या म्हणजे वजन कमी हवे. प्रत्येकाला सुमारे एक किलो खासगी सामान ठेवण्याची मुभा मिळाली. हुकूम देऊन शॅकल्टन थांबला नाही. त्याने स्वतःच्या खिशातली सोन्याची नाणी सर्वांसमोर बर्फावर फेकली. राणी अलेक्झांड्रा यांनी दिलेले बायबलही, काही पाने तेवढी काढून घेऊन, ठेवून दिले. मग बाकीच्यांना आपले फेकणे सोपे गेले. मात्र हसीचा पाचेक किलोंचा बँजो त्याने आग्रहाने बरोबर घेतला. ते मनाचे औषध आहे, असे त्याचे म्हणणे होते.

झोपायच्या पिशव्या दोन प्रकारच्या होत्या. रेनडिअरच्या कातड्याच्या अठरा, उबदार. बाकीच्या लोकरीच्या, त्यामानाने थंड. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. शॅकल्टन, वाइल्ड, कप्तान वर्स्ली अशा वरिष्ठांना नेमक्या लोकरीच्या पिशव्या आल्या. ही सोडत सरळ नव्हती, हे खलाशांच्या लक्षात आले. आणि ते लक्षात आले हे बरेच झाले.

तंबूंची वाटणीही त्याने विचार करून केली. साधा माणूस आपल्या आवडीचे सोबती जवळ घेतो. शॅकल्टनने आपल्या तंबूत हर्ली, हडसन आणि जेम्स यांना घेतले. हर्ली कामाला वाघ, पण त्याला सतत महत्त्व हवे. ते मिळाले नाही तर तो आपल्याभोवती नाराजांचा गट जमवील, ही भीती. हडसन चटकन बिथरणारा. जेम्स बुजरा, दुसऱ्या तंबूत टिंगलीचा विषय झाला असता. शॅकल्टन रोज हर्लीचा सल्ला घेई, निदान घेतो आहे असे दाखवी. नाराजी जेथे जन्मू शकते तेथेच आपण अंथरूण टाकायचे, असा त्याचा हिशेब होता.

पण माणसांचे मन सांभाळण्याच्या नादात तो एके ठिकाणी चुकत होता, असे त्याच्या काही साथीदारांना वाटे. सील मारून मांसाचा मोठा साठा करायला तो राजी नसे. साठा केला तर आता येथेच राहायचे आहे असे माणसांना वाटेल आणि ती हाय खातील, ही त्याची धास्ती. पुढे अन्न कमी पडू लागले तेव्हा ही नाराजी डायऱ्यांमधून उतरली. उमेद टिकवणे आणि कोठी भरणे या दोन्ही गोष्टी लागतात. पहिलीच्या काळजीत दुसरी मागे पडू शकते.

हट्टी सुतार

हॅरी मॅकनिश हा जहाजावरचा सुतार. वयाने सर्वांत मोठ्यांपैकी, हाताचा कमालीचा कसबी, जिभेचा तिखट. त्याचे एक मांजर होते. सगळे त्याला मिसेस चिपी म्हणत, जरी ते बोका होते. जहाज सोडल्यावर शॅकल्टनने कुत्र्यांची पिल्ले आणि हे मांजर गोळी घालून मारायला सांगितले. अन्नाचा हिशेब पाहता निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण मॅकनिशच्या काळजात तो काटा रुतून बसला.

डिसेंबरच्या अखेरीस, मऊ बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत होड्या ओढताना, मॅकनिश एके दिवशी थांबला आणि पुढे जायला नकार दिला. जहाज बुडाले तेव्हा करारही संपला, असा त्याचा मुद्दा होता. हे पसरले असते तर सगळा डाव मोडला असता. शॅकल्टनने सगळ्यांना जमवले आणि कराराचा मजकूर वाचून दाखवला: बंदरात पोहोचेपर्यंत सगळे बांधलेले आहेत आणि तोवर पगारही चालू आहे. मॅकनिश पुन्हा चालू लागला. गंमत अशी की दोनतीन दिवसांतच बर्फ इतका वाईट लागला की शॅकल्टनलाच ती चाल थांबवावी लागली.

बर्फाचे ते तराफे हळूहळू उत्तरेकडे वाहत राहिले. ९ एप्रिल १९१६ रोजी ते फुटले आणि तीन होड्या पाण्यात उतरल्या. त्या प्रवासात हर्लीचे हातमोजे हरवले. शॅकल्टनने आपले काढून दिले. हर्ली घेईना, तेव्हा घेतले नाहीत तर समुद्रात फेकून देईन, असे बजावले. हर्लीने घेतले, शॅकल्टनच्या बोटाला हिमदंश झाला. १५ एप्रिलला ते एलिफंट बेटावर उतरले. ४९७ दिवसांनी पायाखाली जमीन आली होती.

पण त्या बेटाकडे कोणतेही जहाज फिरकत नसे. मदत आणायची तर सुमारे १३०० किलोमीटरवरच्या साउथ जॉर्जियाला जायला हवे. ‘जेम्स केअर्ड’ ही सर्वांत मोठी होडी निवडली गेली. तिला समुद्रात टिकण्याजोगी कोणी केली? मॅकनिशने. फळ्या, पेट्यांची झाकणे आणि कॅनव्हास जोडून त्याने तिच्यावर आच्छादन घातले. दिव्याच्या वाती, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचे रक्त यांनी भेगा बुजवल्या.

होडीतून नेण्यासाठी शॅकल्टनने पाच जण निवडले. वर्स्ली, कारण त्याच्याइतका दिशा काढणारा दुसरा नव्हता. टॉम क्रीन आणि टिमथी मॅकार्थी, कारण ते कशानेही न खचणारे. मॅकनिश आणि जॉन व्हिन्सेंट हे दोघे कामाचे होतेच. शिवाय ते मागे राहिले असते तर बेटावर भांडणे पेटली असती. वाइल्डला बरोबर यायचे होते. पण मागे राहणारी एकवीस माणसे ज्याच्या हाती सोपवावीत असा तोच एक होता.

चेहरे मोजताना

या लेखाच्या आरंभीची होडी ती हीच. १० मे रोजी ती साउथ जॉर्जियाला लागली. पण बेटाच्या नको त्या बाजूला. मग शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन असे तिघे, तोवर कोणी न ओलांडलेले बर्फाचे डोंगर चढून छत्तीस तासांत पलीकडे गेले. मॅकनिशने होडीचे स्क्रू काढून त्यांच्या बुटांना ठोकून दिले होते. वाटेत दोघांना बसल्या जागी झोप लागली. झोप म्हणजे मरण, हे शॅकल्टन जाणत होता. त्याने पाच मिनिटांनी त्यांना उठवले आणि अर्धा तास झोपलात असे सांगितले. ते ताजेतवाने होऊन चालू लागले.

२० मे रोजी ते देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या वस्तीत पोहोचले. बेटाच्या मागच्या बाजूला राहिलेल्या तिघांना दुसऱ्याच दिवशी आणले गेले. एलिफंट बेटावरच्या बावीस जणांसाठी मात्र चार प्रयत्न करावे लागले. तीन वेळा बर्फाने जहाज परतवले.

तिकडे बेटावर वाइल्डने उलट्या घातलेल्या दोन होड्यांचे घर केले होते. दोन डॉक्टरांनी त्या अंधाऱ्या खोपटात ब्लॅकबरोच्या डाव्या पायाची सडलेली बोटे कापली. शनिवारी हसीचा बँजो वाजे. आणि रोज सकाळी वाइल्ड आपले अंथरूण गुंडाळून ठेवी आणि इतरांनाही सांगे की आवरून ठेवा, साहेब आज येतील. अशा किती सकाळी? शॅकल्टन गेल्यापासून चार महिन्यांहून जास्त. ज्याला एके काळी एक बिस्किट मिळाले होते, तो आता एकवीस माणसांना रोज उमेद वाढत होता. चांगल्या वरिष्ठाची खरी परीक्षा तो नसताना होते, ती अशी.

३० ऑगस्ट १९१६ रोजी चिली सरकारचे ‘येल्चो’ हे छोटे जहाज, लुईस पार्दो यांच्या हुकमतीखाली, बेटाजवळ आले. शॅकल्टन पुढे उभा राहून किनाऱ्यावरची डोकी मोजत होता. बावीस भरली.

जे नजरेआड होते

येथे गोष्ट संपवली तर वाचायला गोड वाटेल. पण ती अर्धी होईल.

या मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे गेली होती. शॅकल्टन खंड ओलांडून येईल तेव्हा त्याच्या वाटेवर अन्नाचे साठे करून ठेवणे हे तिचे काम. तिला पैसा अपुरा मिळाला, जहाज दुरुस्तीला आलेले मिळाले आणि तयारीही घाईत झाली. जहाज वादळात वाहून गेले आणि दहा माणसे किनाऱ्यावर अडकली. तरी त्यांनी स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या असताना, जो येणारच नव्हता त्याच्यासाठी साठे केले. त्यात स्पेन्सर-स्मिथ, मॅकिन्टॉश आणि हेवर्ड हे तिघे मरण पावले. उरलेल्या सात जणांना आणायला १९१७ च्या जानेवारीत शॅकल्टन स्वतः गेला. पण त्याने एकही माणूस गमावला नाही असे जे सर्रास सांगितले जाते, ते फक्त त्याच्या डोळ्यांसमोरच्या माणसांपुरते खरे आहे. चेहरे वाचणाऱ्या माणसाला न दिसणाऱ्या चेहऱ्यांसाठी लागते ती कागदावरची चोख व्यवस्था, आणि ती त्याची कधीच जमेची बाजू नव्हती.

दुसरी गोष्ट मॅकनिशची. मोहिमेनंतर ध्रुवीय पदके देण्यात आली तेव्हा शॅकल्टनने चार जणांची शिफारस केली नाही. त्यांत मॅकनिश होता. ज्याच्या हातच्या कामावर अठ्ठावीस जीव तरले, त्याला बर्फावरच्या एका दिवसाच्या हट्टासाठी पदक नाकारले गेले. मॅकनिश १९३० मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन येथे गरिबीत मरण पावला. २००४ मध्ये त्याच्या थडग्यावर ब्राँझचे एक मांजर बसवण्यात आले. जो इतरांच्या मनातले रुसवे इतके ओळखून होता, त्याला स्वतःच्या मनातला एक रुसवा सोडता आला नाही.

आणि तिसरी गोष्ट घराची. पत्नी एमिली हिने तीन मुले बहुतांशी एकटीने वाढवली. शॅकल्टन जमिनीवर कधी रमला नाही. झटपट श्रीमंतीच्या योजना त्याने अनेक केल्या. त्यांतली एकही धड झाली नाही. तो गेला तेव्हा डोक्यावर सुमारे चाळीस हजार पौंडांचे कर्ज होते. सत्तावीस माणसांच्या उपाशीपणाची नोंद ठेवणाऱ्याला स्वतःच्या संसाराची वही लिहिता आली नाही.

तरीही १९२१ मध्ये त्याने ‘क्वेस्ट’ नावाच्या लहानशा जहाजातून पुन्हा दक्षिणेकडे जायचे ठरवले, तेव्हा ‘एन्ड्युरन्स’वरचे आठ जण त्याच्याबरोबर निघाले. वाइल्ड आला, वर्स्ली आला, डॉक्टर मॅकलिन आला, बँजो घेऊन हसीही आला. यांतल्या काहींचा आधीच्या मोहिमेचा पगारही पूर्ण मिळालेला नव्हता. माणसे पगारासाठी काम करतात हे खरेच आहे आणि पगार वेळेवर मिळायलाच हवा. पण ज्याच्या हाताखाली आपण आपल्याहून मोठे झालो होतो, त्याच्याकडे माणूस पुन्हा जातो.

५ जानेवारी १९२२ च्या पहाटे, साउथ जॉर्जियाच्या ग्रिटविकेन बंदरात, हृदयविकाराच्या झटक्याने शॅकल्टन गेला. वय अवघे ४७. शव इंग्लंडला न्यायला निघाले होते. पण त्याला तेथेच पुरावे, असे एमिलीने कळवले. तिने तक्रारीला जागा असूनही नवऱ्याचे मन ओळखले होते. २०११ मध्ये फ्रँक वाइल्डच्या अस्थी आणून त्याच्या उजव्या हाताला पुरण्यात आल्या. आणि मार्च २०२२ मध्ये ‘एन्ड्युरन्स’ वेडेल समुद्राच्या तळाशी, तीन हजार मीटर खोल, सापडले. मागच्या बाजूवरचे नाव अजून वाचता येत होते.

शॅकल्टनची गोष्ट ऐकून कोणी उद्या सकाळी कचेरीत दूध वाटायला जाणार नाही, जाऊही नये. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाताखाली कोणी ना कोणी असतेच. कचेरीत, दुकानात, वर्गात, नाही तर घरात. आज कोण नेहमीपेक्षा गप्प आहे, कोणाच्या कामाला कोणी चांगले म्हटलेले नाही, कोणाला चारचौघांत बोललेले लागते, एवढे पाहायला पैसा लागत नाही. नजर लागते, आणि ती रोज लागते. शॅकल्टनपाशी ती होती, म्हणून बावीस डोकी पूर्ण भरली. जेथे ती पोहोचली नाही तेथे तीन माणसे गेली, आणि जेथे ती कठोर झाली तेथे एक कसबी सुतार पदकावाचून राहिला. सोमवारी कामाला लागण्यापूर्वी आपणही एकदा आपल्या होडीतले चेहरे पाहून घ्यावेत, आणि जे दिसत नाहीत त्यांचीही आठवण करावी.